भूमिकेची वाटणी



नाटक-चित्रपटांच्या पुरस्कारांच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत नेहमी वाचतो. लहान मुलांसाठीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांतील अभिनयालाही मानाचे पुरस्कार दिले जातात, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. अमेरिकेत दिवसा प्रक्षेपित होणाऱ्या कार्यक्रमांसाठी १९७४ पासून ‘डेटाइम एमी’ पुरस्कारांचा स्वतंत्र सोहळा होऊ लागला आणि त्यात बालकार्यक्रमांतील कलावंतांचाही गौरव होऊ लागला. पुढे २०२२ मध्ये मुले व कुटुंब यांच्यासाठीच्या कार्यक्रमांचे एमी पुरस्कार वेगळे काढून त्यांचा पहिला सोहळा साजरा झाला. ब्रिटनमधील ‘बाफ्टा’ ही संस्थाही बालकार्यक्रमांना असाच सन्मान देत आली आहे.

या पुरस्कारांची एक गंमत आहे. ज्या प्रेक्षकासाठी हा अभिनय केला जातो, त्याला पुरस्कार म्हणजे काय हेच ठाऊक नसते. चार वर्षांचे मूल नटाची कीर्ती पाहून टाळी वाजवत नाही. समोरचा माणूस आपल्याशी मनापासून बोलतो आहे की नुसता बोलल्याचा आव आणतो आहे, एवढेच ते पाहते, आणि आव आणला की उठून खेळायला निघून जाते. इतका कठोर परीक्षक मोठ्यांच्या रंगभूमीला क्वचितच लाभत असेल.

आरोग्यविषयक सदरात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. कारण असे की, या क्षेत्रात सन्मान मिळवलेल्या कलावंतांपैकी काहींनी ऐंशी वर्षे ओलांडल्यावरही काम केले. शरीर थकत गेले तशी त्यांनी आपली भूमिका टाकून दिली नाही. तिची वाटणी केली. ही वाटणी आपल्या घरांतही करता येते, आणि वृद्धाच्या प्रकृतीला तिची फार गरज असते.

पिसांच्या आत उभा असलेला माणूस

‘सेसमी स्ट्रीट’ हा अमेरिकेतील बालकार्यक्रम १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाला. त्यातील ‘बिग बर्ड’ हा पिवळ्या पिसांचा, आठ फूट दोन इंच उंचीचा पक्षी जगभरातील मुलांच्या ओळखीचा आहे. उंचीने तो एवढा थोरला असला तरी मनाने सहा वर्षांचा आहे. त्याच्या पिसांच्या आत आरंभापासून कॅरोल स्पिनी नावाचे बाहुलीकार होते. त्याच मालिकेतील, कचऱ्याच्या डब्यात राहणारा तिरसट ‘ऑस्कर’ही त्यांचाच. आपल्याकडे रामदास पाध्ये यांच्या मांडीवरचा अर्धवटराव बोलू लागला की पाध्ये शेजारी दिसत असत. स्पिनी मात्र पूर्णपणे झाकलेले. चेहरा नाही, डोळे नाहीत, फक्त आवाज आणि हालचाल. तरीही या कामासाठी त्यांना एकाहून अधिक एमी पुरस्कार मिळाले आणि २००६ मध्ये जीवनगौरवही प्राप्त झाला.

हे काम शरीराची किती परीक्षा पाहणारे होते, याची कल्पना करून पाहावी. उजवा हात डोक्याच्या वर ताठ उभा धरायचा, कारण पक्ष्याचे डोके त्या हातावर तोललेले असे. त्याच हाताच्या करंगळीने पापण्या हलवायच्या. डावा हात पक्ष्याच्या डाव्या पंखात. उजवा पंख डाव्या हाताला बारीक दोरीने जोडलेला, म्हणजे एक खाली गेला की दुसरा वर. बाहेरचे थेट काही दिसत नसे. छातीवर बांधलेल्या छोट्या पडद्यावर कॅमेऱ्याला दिसणारे दृश्य पाहून पावले टाकायची आणि आत चिकटवलेल्या कागदावरून संवाद वाचायचे. या अवस्थेत चालायचे, नाचायचे, आणि वर सहा वर्षांच्या मुलाची निरागसता आवाजात टिकवायची.

आता आपण आपल्या देहाकडे वळू. माणसाचा तोल तीन आधारांवर उभा असतो. डोळे भोवतालची जागा सांगतात, कानाच्या आतील भागातील इंद्रिय डोक्याची हालचाल सांगते आणि पायांचे तळवे व सांधे जमिनीची खबर देतात. या तिन्ही वार्ता मेंदूत एकत्र येतात आणि आपण सरळ उभे राहतो. वय वाढले की तिन्ही वार्ता थोड्या उशिरा आणि थोड्या अस्पष्ट येऊ लागतात. मोतीबिंदूने नजर धूसर होते, दीर्घ मधुमेहाने तळव्यांची संवेदना मंदावते, एकदम उठल्यावर रक्तदाब उतरतो, झोपेच्या व काही रक्तदाबाच्या औषधांनीही झोक जातो. स्पिनी यांच्या कामात तर नजरेचा आधार जवळजवळ नव्हताच. तरुणपणी उरलेल्या दोन आधारांवर निभावले. उतारवयात ते कठीण झाले.

२०१५ मध्ये, वयाची ऐंशी उलटल्यानंतर, तोल सांभाळणे अवघड झाल्यामुळे त्यांनी बिग बर्डच्या वेषात शिरणे थांबवले.

आवाज त्यांचा, पावले दुसऱ्याची

येथे दोन सोपे मार्ग होते. पहिला म्हणजे हट्टाने वेष चढवत राहायचे आणि एखाद्या दिवशी पडून मांडीचे हाड मोडून घ्यायचे. दुसरा म्हणजे सत्कार, हार, नारळ आणि निरोप. स्पिनी आणि त्यांचे सहकारी यांनी तिसरा मार्ग निवडला. पक्ष्याची पावले आणि पंख मॅट व्होगेल या तरुण बाहुलीकाराकडे गेले. आवाज स्पिनींकडेच राहिला. पुढची तीन वर्षे पडद्यावरचा पक्षी एक होता आणि त्यामागे दोन माणसे होती. मुलांना हे जाणवलेही नाही. २०१८ मध्ये, वयाच्या ८४व्या वर्षी, आवाजही सोपवून स्पिनी निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी, ८ डिसेंबर २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. डिस्टोनिया या विकाराने ते काही काळ ग्रस्त होते. या विकारात स्नायू माणसाच्या इच्छेविरुद्ध आकुंचन पावतात आणि अवयव आपोआप वळतात किंवा आखडतात.

या वाटणीतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. व्होगेल हे २०१५ मध्ये अचानक बोलावलेले नव्हते. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धापासून ते या भूमिकेचे पर्यायी कलावंत म्हणून शिकत होते. गुरू धडधाकट असतानाच शिष्य तयार होत होता. म्हणून वाटणीची वेळ आली तेव्हा ती पराभवासारखी वाटली नाही.

आपल्या घरांत काय घडते? आजी ओट्यापाशी उभी असताना एकदा झोक जातो. त्या दिवसापासून सून काळजीपोटी म्हणते, “आई, आता तुम्ही स्वयंपाकघरात यायचंच नाही. नुसतं बसून राहा.” बोलण्यात माया असते, शंकाच नाही. पण पन्नास वर्षे जिच्या हातची भाजणी सगळ्या आळीत नावाजली गेली, तिच्याकडून एका वाक्यात सगळेच काढून घेतले जाते. काढायला हवे होते ते फक्त उभे राहणे आणि उकळते तेल. धान्याचे प्रमाण, भाजल्याचा वास ओळखणे, चकली मोडली तर पीठ कुठे चुकले हे सांगणे, हे सारे खुर्चीवर बसूनही होते.

आजोबांचेही तसेच. गणपतीच्या पूजेला खाली बसणे गुडघ्यांना झेपत नाही, म्हणून ते बाहेरच्या खोलीत जाऊन वर्तमानपत्र उघडतात. त्यांनी खुर्चीवर बसून मंत्र म्हणावेत आणि नातवाने चौरंगापुढे बसून उपचार करावेत, ही सोय कोणाला सुचत नाही. घराचा हिशेब हाही एक असाच विषय. डोळे अधू झाले म्हणून पासबुक वाचणे मुलाने करावे, पण कोणती ठेव केव्हा मोडायची हा विचार वडिलांना विचारूनच व्हावा.

कामे एकदम काढून घेतली की वृद्ध माणूस बसतो. बसल्याने मांड्यांचे स्नायू झपाट्याने क्षीण होतात, क्षीण स्नायूंमुळे तोल आणखी जातो, आणि पडण्याच्या भीतीने तो आणखी बसतो. भूक मंदावते, दिवसा डोळा लागतो, रात्री झोप येत नाही, घरात आपले काही काम उरले नाही ही खंत मनाला पोखरते. पडू नये म्हणून केलेला बंदोबस्त अशा रीतीने पडण्याचेच कारण होऊन बसतो.

म्हणून शुश्रूषा करणाऱ्या वाचकांनी एखादे काम बंद करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. या कामातील नेमका कोणता भाग शरीराला जड जातो? कोणता भाग अजून त्यांच्याकडेच राहू शकतो? आणि जड भाग घरातील कोण, कधीपासून शिकणार? तिसरा प्रश्न लवकर विचारावा. आई सत्तर वर्षांची, धडधाकट असतानाच तिच्याशेजारी उभे राहून भाजणी शिकावी.

ज्येष्ठ वाचकांनाही एक विनंती आहे. तोल जाऊ लागला तर लपवू नये. “वयाचंच आहे” म्हणून सोडून दिलेल्या अनेक तक्रारींवर उपाय असतो. औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेटावे, बसून आणि उभे राहून रक्तदाब मोजून घ्यावा, डोळे, कान व तळव्यांची संवेदना तपासून घ्यावी. न्हाणीघरात भिंतीला आधाराची दांडी बसवावी, रात्री वाटेवर मंद दिवा असावा. अंथरुणातून उठताना आधी काठावर क्षणभर बसावे, मग उभे राहावे. एकदा जरी पडलात तरी, लागले नसले तरीही, ते डॉक्टरांच्या कानी घालावे.

चौऱ्याऐंशीव्या वर्षी नवी नाव

आवाज शरीरापेक्षा उशिरा थकतो, याचे आणखी एक सुंदर उदाहरण ब्रिटनमध्ये सापडते. बर्नार्ड क्रिबिन्स हे तेथील नामवंत अभिनेते. ‘जॅकनोरी’ या गोष्टींच्या कार्यक्रमात त्यांनी शंभराहून अधिक भागांत मुलांना कथा सांगितल्या. २००९ मध्ये बाफ्टाने बालकार्यक्रमांतील त्यांच्या कार्याबद्दल त्यांना विशेष पुरस्कार दिला. तेव्हा ते ऐंशीचे होते. असा पुरस्कार हा बहुधा पूर्णविराम समजला जातो. पण २०१३ मध्ये, ८४व्या वर्षी, त्यांची ‘ओल्ड जॅक्स बोट’ ही नवी मालिका सुरू झाली. एक निवृत्त दर्यावर्दी, सोबत त्याचा कुत्रा, आणि नावेत बसून सांगितलेल्या गोष्टी. मालिकेची मांडणीच अशी की म्हाताऱ्या कलावंताने धावायचे नाही. त्याने सांगायचे आणि ऐकणाऱ्याने त्याच्याबरोबर समुद्र फिरून यायचे.

आपल्या घरात अशी नाव म्हणजे खिडकीजवळची एक खुर्ची. नातवंडांना रोज दहा मिनिटे गोष्ट सांगणे किंवा मोठ्याने वाचून दाखवणे हा श्वासाला, घशाला आणि स्मरणाला एकाच वेळी मिळणारा व्यायाम आहे. पाठीला आधार देऊन बसावे, पाण्याचा घोट अधूनमधून घ्यावा, दूरचित्रवाणी संच बंद ठेवावा म्हणजे ओरडावे लागत नाही. आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा राहिला, किंवा गिळताना त्रास होऊ लागला, तर मात्र घरगुती काढ्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. आणि गोष्ट सांगताना एखादे नाव आठवले नाही तर खजील होऊ नये. नातवंडालाच विचारावे. त्याला ते नाव सांगण्यात केवढा आनंद होतो, ते पाहावे.

जी भूमिका कोणाला देता येत नाही

वाटणीलाही सीमा आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ‘सेसमी स्ट्रीट’वरच ती सीमा अतिशय हळुवारपणे दाखवली गेली. मालिकेतील दुकानदार मिस्टर हूपर यांचे काम करणारे अभिनेते विल ली यांचे डिसेंबर १९८२ मध्ये निधन झाले. निर्मात्यांना दुसरा नट उभा करता आला असता, किंवा हूपर दूर गावी राहायला गेले असे सांगता आले असते. त्यांनी मुलांना खरे सांगायचे ठरवले. तो भाग २४ नोव्हेंबर १९८३ रोजी, ‘थँक्सगिव्हिंग’च्या सुट्टीच्या दिवशी दाखवण्यात आला. त्या दिवशी घरातील मोठी माणसे मुलांच्या जवळ असतील आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतील, हा हेतू.

त्या भागात बिग बर्ड सर्व मित्रांची चित्रे काढून आणतो. ती चित्रे स्पिनींनी स्वतः काढलेली होती. एक चित्र हूपरांसाठी असते. मोठी माणसे त्याला सांगतात की ते वारले आहेत आणि वारलेली माणसे परत येत नाहीत. पक्षी गोंधळतो. आता त्याचे आवडते दाण्यांचे मिल्कशेक कोण करणार? गोष्टी कोण सांगणार? दुकान आता डेव्हिड सांभाळणार, मिल्कशेकही तोच करणार, गोष्टी इतर जण सांगणार, असे उत्तर त्याला मिळते. पण सगळे पूर्वीसारखे असणार नाही, हेही कोणी त्याच्यापासून लपवत नाही. ते दृश्य करताना त्या कलावंतांच्या डोळ्यांत आलेले पाणी अभिनयाचे नव्हते. आपला सहकारी खरोखरच गेला होता.

पाहा, काम दुसऱ्याकडे गेले, माणसाची जागा कोणी घेतली नाही. घरातील दुःखाच्या प्रसंगी मुलांशी बोलताना हा भेद उपयोगी पडतो. आपण सहज म्हणून जातो, “आजोबा गावाला गेलेत.” मग मूल रोज संध्याकाळी दाराशी जाऊन उभे राहते. “झोपलेत” म्हटले तर त्याला स्वतः झोपण्याची धास्ती वाटू लागते. त्या भागाच्या लेखनात आजारपण वा रुग्णालय यांना कारण म्हणून पुढे केलेले नव्हते, कारण मग मुलाला प्रत्येक तापाचे भय वाटले असते. श्रद्धेप्रमाणे ‘देवाघरी गेले’ म्हणण्यास हरकत नाही. मात्र ते परत येणार नाहीत, आणि यात तुझा काही दोष नाही, ही दोन वाक्ये त्यासोबत स्पष्ट सांगावीत. “आता तुला शाळेतून आणायला काका येईल,” हेही लगेच सांगावे. मुलाच्या मनात रडण्याइतकाच हा व्यवहाराचा प्रश्नही मोठा असतो. आणि मोठ्यांना रडू आले तर मुलापासून तोंड लपवू नये.

दहा सेकंदांचे मौन

शेवटी पुरस्काराच्याच एका प्रसंगाकडे येऊ. फ्रेड रॉजर्स यांनी तीस वर्षांहून अधिक काळ मुलांसाठी ‘मिस्टर रॉजर्स नेबरहुड’ हा कार्यक्रम केला. घरात आल्यावर कोट काढून विणलेला स्वेटर घालणे, बूट बदलणे, माशांना खाऊ घालणे आणि मग पडद्यापलीकडच्या एकाच मुलाशी बोलल्यासारखे सावकाश बोलणे, एवढाच त्यांचा थाट. एका अंध मुलीला मासे उपाशी राहतील अशी काळजी वाटते, असे पत्र त्यांना आले. तेव्हापासून खाऊ घालताना ते तसे तोंडाने सांगू लागले. इतके बारीक लक्ष हाच त्यांचा अभिनय होता.

१९९७ च्या डेटाइम एमी सोहळ्यात त्यांना जीवनगौरव पुरस्कार मिळाला. अशा वेळी कलावंत आभारांची लांब यादी वाचतो. रॉजर्स यांनी सभागृहातील सगळ्यांना दहा सेकंद शांत राहून, आपल्याला घडवणाऱ्या, आपल्यावर प्रेम करणाऱ्या माणसांचे स्मरण करण्यास सांगितले. वेळ मी पाहतो, असे म्हणून ते घड्याळाकडे बघत उभे राहिले. झगमगाटात बसलेल्या अनेकांचे डोळे त्या दहा सेकंदांत पाणावले. आपल्या वाट्याचा सन्मान त्या माणसाने क्षणात साऱ्या सभागृहात वाटून टाकला.

या पंधरवड्यात आपणही एवढे करावे. संध्याकाळी देवापुढे दिवा लावल्यावर, किंवा दिवा लावत नसाल तर जेवणापूर्वी, घरातील सर्वांनी दहा सेकंद शांत बसावे. त्यानंतर ज्येष्ठांना कोणी तरी विचारावे, “हे काम तुम्ही कोणाकडून शिकलात?” उत्तरात एखादी आत्या, एखादे मास्तर, एखादी शेजारीण पुन्हा घरात येईल. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडून काढून घेतलेल्या कामांपैकी एक काम निवडून, त्यातला जमेल तेवढा भाग त्यांच्या हाती परत द्यावा. पीठ मळणे तुमच्याकडे असू द्या. मीठ किती, हे त्यांना ठरवू द्या.